थांब्यावर गेलेला वेळ

(विसरवाडी, ता. नवापूर, जि. नंदुरबार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



महानगरातल्या प्रवासावर बोलायला हा माणूस विसरवाडीला कशाला आला, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलंच असेल. इथं लोकल नाही, मेट्रो नाही, सिटी बसही नाही. हायवे आहे, एसटी आहे आणि काळी-पिवळी जीप आहे. संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा तेही जरा थबकले होते. पण या परिसरातल्या किती घरांतलं कोणी ना कोणी आज सुरतेत उधना, लिंबायत, दिंडोलीकडं राहतं, याचा तुम्हीच हिशेब करा. कोणाची मुलगी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आहे, कोणाच्या घरचं दुखणं परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत गेलेलं आहे. शहरात पाय ठेवल्यापासून या माणसांचा दिवस कसा जातो, हे बरंचसं त्यांच्या बसवर आणि लोकलवर ठरतं. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते मुलांना पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पाठवायचे. बाहेर पडलेल्या मुलानं तिथं हिंडायचं कसं, हा विषय त्यांनाही परका वाटला नसता.

माझी नोकरी एका शहरी बससेवेत वेळापत्रकं लावण्यात गेली. कुठली गाडी कुठल्या डेपोतून किती वाजता निघेल, कंडक्टरची सुट्टी केव्हा, मार्गावर किती फेऱ्या, असलं रुक्ष काम. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, आणि आज तीच सांगायची आहे. वाहतुकीबद्दल आपण बोलतो तेव्हा गाडीबद्दल बोलतो, पुलाबद्दल बोलतो, किलोमीटरबद्दल बोलतो. प्रवाशाचा जो वेळ गाडीत बसण्याआधी जातो, त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. आणि हा वेळ ज्याच्याकडं स्वतःची गाडी नाही, त्याच्याच खिशातून जातो.

हे समजायला शहरात जायची गरज नाही. काळी-पिवळीचं गणित सगळ्यांना पाठ आहे. ती वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. पहिला प्रवासी येतो, त्याला ड्रायव्हरशेजारची जागा मिळते आणि सर्वांत जास्त वेळ ताटकळावंही त्यालाच लागतं. चार-पाच जण झाले आणि कुरकुर सुरू झाली की ड्रायव्हर इंजिन चालू करतो, गाडी दोन हात पुढं घेतो, ‘चला नवापूर, नवापूर, निघालीच’ म्हणतो आणि पुन्हा थांबतो. मग क्लीनर आतल्या बायकांना ‘मावशी, जरा सरका’ म्हणत आणखी एकाची सोय करतो. शेवटचा माणूस धावत येतो, मागच्या फळीवर टेकतो आणि त्याच क्षणी गाडी हलते. भाडं दोघांचं सारखंच. पण पहिल्यानं पाऊण तास घालवला आणि शेवटच्यानं अर्धं मिनिट. यात ड्रायव्हरला नावं ठेवण्यात अर्थ नाही. रिकामी गाडी हाकली तर डिझेलचे पैसे त्याच्याच पदरचे जाणार.

एसटीनं यातून सुटका केली. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या गाडीमागचं तत्त्व मात्र कोणी सांगत नाही: ती रिकामी असली तरी सुटते. सहा वाजताची गाडी म्हणजे सहा वाजताची गाडी, मग आत दोघं असोत की सत्तर. (सहाची गाडी साडेसहाला येते, ही तक्रार मला मान्य आहे, पण तक्रार करता येते ती सहा हा आकडा ठरलेला असतो म्हणूनच.) २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप चालला, तेव्हा हा आकडाच नाहीसा झाला होता. त्या महिन्यांत जीपचं भाडं आणि जीपची वाट बघणं या दोन्हींचं काय झालं, ते इथं बसलेल्यांना मी काय सांगणार? आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा स्टँडवर काय चित्र दिसायला लागलं, तेही तुम्ही पाहिलंच आहे. बायकांना जायचं नव्हतं असं कधीच नव्हतं.

आता शहराकडं येऊ. खऱ्या शहरी वाहतुकीत वेळापत्रक बघावंच लागू नये. मुंबईत गर्दीच्या वेळी लोकल इतक्या लागोपाठ असतात, की भरलेली गाडी सोडून माणूस शांतपणे म्हणतो, ‘जाऊ दे, मागची घेऊ.’ हे वाक्य ज्या शहरात बसच्या थांब्यावरही म्हणता येतं, ते शहर बिनगाडीच्या माणसाचं आहे असं मी समजतो. मुंबई एके काळी त्याच्या जवळ होती. ९ मे १८७४ ला तिथं घोड्यांची ट्रॅम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली, १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, ७ ऑगस्ट १९४७ ला, ट्रॅम आणि बस चालवणारी कंपनी महापालिकेनं ताब्यात घेतली, तीच आजची बेस्ट. बेस्ट वीजही विकायची आणि बसही चालवायची. विजेतली शिल्लक बसच्या तुटीला लागायची. पुढं वीज नियामकांची नवी व्यवस्था आली, विजेचा पैसा बसकडं वळवणं अवघड झालं, आणि चार हजारांच्या वर असलेला ताफा हळूहळू तीन हजारांच्या आत आला. गाड्या कमी झाल्या, मार्गांची नावं बरीचशी तीच राहिली. थांब्यावरच्या पाटीवर नंबर आहे, बस मात्र केव्हा येईल ते पाटीलाही ठाऊक नाही.

इथं जरा माझ्या जुन्या धंद्यात शिरतो. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेतली तर बरं.

‘अर्धा तास एकही बस नाही, आणि मग दोन एकदम आल्या’ हे शहरात राहिलेला प्रत्येक माणूस सांगतो. त्याला वाटतं, दोन ड्रायव्हर गप्पा मारत चहाला थांबले असतील. कधी कधी थांबतातही. पण मुख्य कारण वेगळं आहे. समजा, मार्गावर दर पंधरा मिनिटांनी बस आहे. एक गाडी सिग्नलला पाच मिनिटं अडकली. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली. ती चढेपर्यंत आणखी उशीर झाला, म्हणून त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. मागून येणाऱ्या गाडीला मात्र थांबे रिकामे सापडतात, ती सुसाट येते. शेवटी पुढची खच्चून भरलेली आणि मागची मोकळी, अशा दोघी एकमेकींच्या शेपटीला. दोन गाड्यांमधलं अंतर आता पंधरा-पंधरा राहिलं नाही, ते अठ्ठावीस आणि दोन झालं.

डेपोच्या अहवालात काय लिहिलं जातं? तीस मिनिटांत दोन गाड्या, सरासरी पंधरा मिनिटं, सर्व फेऱ्या पूर्ण. खोटं काहीच नाही. आता थांब्यावर उभे राहा. मिनिटाला एक याप्रमाणे तीस मिनिटांत तीस माणसं आली असं धरू. त्यातली अठ्ठावीस त्या लांबलचक खंडात येतात आणि दोघंच त्या छोट्या खंडात. अठ्ठावीस जणांना सरासरी चौदा मिनिटं थांबावं लागलं, दोघांना एकेक मिनिट. गुणाकार करून तीसने भागा: तेरा मिनिटांच्या वर येतं. गाड्या नेमक्या पंधरा मिनिटांनी आल्या असत्या तर हीच सरासरी साडेसात असती. एकही फेरी रद्द झाली नाही, आणि लोकांचं ताटकळणं दुपटीच्या जवळ गेलं. मी हा हिशेब एकदा वरच्या साहेबांना मांडून दाखवला होता. ते म्हणाले, ‘छान आहे, पण याचा रकाना आपल्या फॉर्ममध्ये नाही.’

तर त्या पाच मिनिटांच्या अडकण्यावर सगळं येऊन ठरतं. आणि बस सिग्नलला अडकते ती कशामुळं? पुढं पन्नास मोटारी उभ्या असतात म्हणून. बहुतेक मोटारीत एक, फार तर दोन माणसं. एका बसमधले पन्नास प्रवासी मोटारीत बसवले तर तीस-पस्तीस मोटारी लागतात आणि त्यांची रांग दोनशे मीटरच्या पुढं जाते. त्या रांगेत मोटारवालाही अडकतो, हे खरं. पण तो सावलीत बसून, गाणी ऐकत अडकतो. बसच्या थांब्यावरची बाई उन्हात उभी राहून त्याच रांगेची किंमत चुकवते, आणि आपल्याला उशीर कोणामुळं झाला हे तिला कधी कळतही नाही.

मोटारीला मी शिव्या देत नाही. रात्री दोन वाजता बाळंतीण न्यायची असेल आणि १०८ ला यायला वेळ लागत असेल, तर गावातल्या ज्याच्या दारात गाडी आहे त्यालाच उठवावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला, अपंगाला, अवजड सामान असलेल्याला मोटार हवीच. प्रश्न आहे तो गर्दीच्या वेळी, गर्दीच्या रस्त्यावर, एका माणसासाठी लागणाऱ्या जागेचा. मोटार उभी करायची तर तिची जागा आणि ती आत-बाहेर काढायची जागा धरून पंचवीसेक चौरस मीटर लागतात. प्रधानमंत्री आवास योजनेत गावाकडं जे घरकुल मिळतं, त्याचं किमान क्षेत्रफळही पंचवीस चौरस मीटरच आहे. त्यात एक कुटुंब स्वयंपाकासकट राहतं. शहरात तेवढी जागा मोटार दिवसभर अडवते, आणि रस्त्याच्या कडेला उभी असेल तर बहुधा फुकट.

जगात काही शहरांनी यावर उपाय केला. सिंगापूरनं १९७५ मध्येच गर्दीच्या वेळी मध्यभागात मोटार आणायला परवाना घ्यायला लावला. लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ पासून मोटारीला शुल्क आहे, त्या पैशातून बससेवेला हातभार लागला. न्यू यॉर्कनं बराच वाद घालून, कोर्टकचेऱ्या करून, ५ जानेवारी २०२५ ला तेच केलं. आपल्याकडं काय झालं ते मी फक्त तारखांनी सांगतो. ऑक्टोबर २०२४: मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांचा टोल माफ. जानेवारी २०२५: एसटीच्या भाड्यात १४.९५ टक्के वाढ. मे २०२५: बेस्टचं किमान भाडं पाचावरून दहा रुपये. जून २०२५: पुण्याच्या पीएमपीचंही पाचावरून दहा. डिझेल महागलं होतं, पगार वाढले होते, भाडेवाढीला कारणं होतीच. टोलमाफीला कारण कोणतं, ते ऑक्टोबर २०२४ नंतर लगेच कोणती निवडणूक होती हे आठवलं की कळेल.

मुंबईच्या सागरी सेतूवर, किनारी रस्त्यावर आणि अटल सेतूवरही झुकतं माप मोटारीलाच. तिथं दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. त्यामागं सुरक्षेचं कारण दिलं जातं आणि ते खोटं नाही. पण हजारो कोटींचा रस्ता बांधून झाल्यावर त्यावरून किती मोटारी गेल्या याचे आकडे सणासारखे जाहीर होतात. त्याच दिवशी किती माणसं बसच्या थांब्यावर किती वेळ उभी होती, हा आकडा कोणी काढलेलाही नसतो. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे, की रस्त्यावरची जागा वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबानं वाटावी. धोरण अजून कपाटात सुखरूप आहे.

बसला स्वतःची पट्टी दिली तर? याचे दोन दाखले तुमच्या ओळखीचे आहेत. पुण्यानं डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू केली. मधल्या पट्टीत बस, बाजूला बाकीची वाहनं. पण पट्टी सलग नव्हती, थांब्यापर्यंत रस्ता ओलांडायचा कसा याचा विचार अर्धवट, आणि दुचाकीवाला पट्टीत शिरला तर त्याला बाहेर काढायला कोणी नाही. बस पट्टीत शिरायची, चौकात पुन्हा सगळ्यांत मिसळायची. लोक म्हणायला लागले, बीआरटीनं रस्ता खाल्ला. पुढं नगर रस्त्यावरची तर काढूनच टाकली.

सुरतेनं २६ जानेवारी २०१४ ला बीआरटी सुरू केली. सुरुवात उधना दरवाज्यापासून सचिनच्या औद्योगिक वसाहतीकडं, म्हणजे आपल्याकडची माणसं जिथं कामाला जातात त्याच अंगाला. पुढं हे जाळं शंभर किलोमीटरच्या वर गेलं. सुरतेला एक फायदा होता, तो नुकसानीतून आलेला: तिथं आधी धड बससेवाच नव्हती, सगळं शटल रिक्षांवर चाललेलं. म्हणजे जुनं मोडावं लागलं नाही. महापालिकेनं बीआरटी आणि साधी सिटी बस एकाच हाताखाली ठेवली, गल्लीतून येणारी बस मोठ्या मार्गाला आणून जोडली. सगळं आलबेल आहे असं नाही. मेट्रोच्या खोदकामात कित्येक रस्ते उकरलेले आहेत, रिक्षावाल्यांनी हातपाय आखडलेले नाहीत. तरी लिंबायतमधला कारागीर बसची वाट किती बघतो आणि पुण्यातला विद्यार्थी किती बघतो, हे एकदा घरच्या माणसांना विचारून तुलना करा. माझ्या भाषणापेक्षा ते जास्त शिकवेल.

शहरी प्रवासात दुसरी एक अडचण असते, ती एका वाहनातून दुसऱ्यात जाण्याची. टाटा रुग्णालयाचं उदाहरण घेऊ, कारण ती वेळ कोणावरही येऊ शकते. नंदुरबारहून रात्रीच्या गाडीनं माणूस पहाटे बोरिवलीला उतरतो. पुढं चर्चगेटची फास्ट लोकल पकडायची, दादरला उतरायचं, तिथून स्लो घेऊन पुढचं स्टेशन प्रभादेवी. इंडिकेटरवर एफ आणि एस अशी अक्षरं असतात, ती नीट बघायची. फास्ट गाडीत बसून राहिलात तर प्रभादेवी डोळ्यांसमोरून निघून जाईल. प्रभादेवीहून पूल चढून परळच्या पूर्वेला उतरायचं की रुग्णालय चालत जाण्यासारखं. सगळा प्रवास पंधरा-वीस रुपयांच्या आत. टॅक्सीला याचे कित्येक पट लागतात, आणि सकाळी नऊनंतर टॅक्सी लोकलच्या आधी पोचेलच असंही नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेवढं आदल्या दिवशी विचारून घ्या.

हा जो पूल म्हणालो, त्याच स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. तेव्हा त्या स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. पाऊस आला, लोक पुलावर आडोशाला थांबले, मागून गाड्या माणसं ओततच राहिल्या. नंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधावा लागला. ती माणसं गाडीत गेली नाहीत, रुळांवर गेली नाहीत. ती गेली दोन स्टेशनांच्या मधल्या जिन्यावर. ज्या गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तिथं किती हजार लोक रोज कामाला येणार हे बांधकामाची परवानगी देणाऱ्यांना माहीत होतं. जिना कोणाचा, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

मुंबई महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत. लोकल दोन रेल्वेंच्या. मेट्रो एकची कंपनी वेगळी, दोन-अ आणि सातची वेगळी, तीनची वेगळी. बेस्टची बस वेगळी, ठाण्याची वेगळी, नवी मुंबईची वेगळी. एका दारातून दुसऱ्या दारात गेलं की मालक बदलतो, आणि तिकीटही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो तीन कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, त्याच वेळी ‘मुंबई वन’ नावाचं ॲप आलं. त्यात अकरा सेवांची तिकिटं एका जागी काढता येतात. चांगली गोष्ट आहे. पण तिकीट जोडणं सोपं, वेळा जोडणं कठीण. मेट्रोतून उतरल्यावर बाहेर बस उभी हवी, आणि ती नसेल तर माणूस शेअर रिक्षाच्या रांगेत जातो. त्या रांगेत तीन माणसं झाल्याशिवाय रिक्षा सुटत नाही. म्हणजे तेहतीस किलोमीटरच्या भुयारातून गारेगार प्रवास करून माणूस शेवटी पुन्हा काळी-पिवळीच्याच नियमात येतो.

आपल्या तालुक्यातही हा तिढा आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग इथून जवळून जातो. खांडबारा आहे, चिंचपाडा आहे, नवापूर तर आहेच, जिथं अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. अप-डाऊन करणारे मोटारसायकल स्टेशनबाहेर लावतात आणि गाडी पकडतात. स्वतःचं वाहन आणि रेल्वे एकमेकांना जोडायचा हा चांगला नमुना आहे. ज्याच्याकडं मोटारसायकल नाही, त्याच्यासाठी गाडीच्या वेळेला धरून एसटी हवी. रेल्वेचं वेळापत्रक बदललं की डेपोनं ते बघून पहिली फेरी दहा मिनिटं पुढंमागं करायची, एवढंच काम. पैसा लागत नाही. एक माणूस लागतो, ज्याच्या टेबलावर दोन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवलेली असतील. ग्रामसभेचा ठराव करून आगारप्रमुखांकडं पाठवा, सोबत किती जणांची कोणती गाडी चुकते ती यादी जोडा. यादीशिवाय अर्ज करू नका. नुसता अर्ज फायलीत जातो, यादीवर निदान शेरा मारावा लागतो.

आणि शेवटी, खुर्च्या संपल्या म्हणून मागं उभ्या असलेल्या मुलांसाठी आणि मुलींसाठी. पुढच्या जूनमध्ये तुमच्यातले काही पुण्याला, नाशिकला, सुरतेला खोली शोधायला जातील. भाडं बघाल, पाणी बघाल, मेस बघाल. खोली दुपारी दाखवतात, तेव्हा सगळं जवळ वाटतं. तुम्ही रात्री साडेनऊला परत जा आणि जवळच्या थांब्यावर उभे राहा. किती वेळानं बस येते, थांब्यावर दिवा आहे का, सोबत आणखी कोणी उभं आहे का, ते बघा. शेवटची बस किती वाजता असते हे घरमालकाला विचारू नका, त्याला स्कूटर आहे. थांब्याशेजारच्या पानटपरीवाल्याला विचारा.